तिकडची जागा

"मालेगाव द्या, भाऊसाहेब. कळवण द्या. पण तिकडं नको."

समोरच्या कंपाउंडरने हात जोडले होते. निवृत्ती बोराडे यांनी त्याच्या अर्जाला टाचणी लावली आणि तो चळतीवर ठेवला. 'तिकडं' म्हणजे कुठं, हे विचारण्याची गरज त्या कचेरीत कुणालाच पडत नसे. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. लोकांनी बोटे ठेवून ठेवून पूर्वेकडची गावे काळवंडली होती. पश्चिमेची कड, सुरगाण्याच्या पलीकडे गुजरातेला टेकलेली, छापली तेव्हा होती तशीच हिरवी राहिली होती. बावीस वर्षे निवृत्ती आरोग्य खात्यातल्या बदल्यांचे टेबल सांभाळत होते. तिकडच्या पाड्यांची नावे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात शेकडो वेळा लिहिली होती. त्यांतला एकही पाडा त्यांनी पाहिला नव्हता.

रांगेत शेवटी मालनबाई पगारे होत्या. करंजपाड्याच्या उपकेंद्रातल्या नर्स.

"जयभीम, भाऊसाहेब. बदली मागायला आल्याचा हा माझा नववा मे."

"बसा, बाई."

"बसून कसं चालंल? अडीचची गाडी हुकली का मग उद्याच." त्यांनी पदराने मान पुसली. "मालकांचं डावं अंग गेलंय. जाऊबाई करती, पण तिनं तरी किती करावं? मला नाशिकरोडच द्या असं म्हणत नाय मी. कुठलंही खेडं द्या, सांजच्याला घरी आले म्हंजे झालं."

मालनबाईंच्या बदलीचे हुकूम यापूर्वी पाच वेळा निघाले होते. पाचही हुकमांच्या शेवटी एक ओळ होती: बदली कर्मचारी हजर झाल्यावरच कार्यमुक्त करावे. आणि हजर कुणीच होत नसे. एकदा मात्र एक बाई आली होती.

"माझ्या हातचं पाणी प्याली," मालनबाई हसत सांगत. "मला म्हणती, 'तुम्ही इथं राहता?' म्हणलं, नाय, हवापालट करायला आलेय. तर त्याच गाडीनं गेली की माघारी!"

आजही त्यांनी ती गोष्ट सांगितली. पण हसू अर्ध्यावरच थांबले.

"यंदा काम झालं समजा," निवृत्ती म्हणाले. "ट्रेनिंगवरून नव्या पोरी येतायत. पहिली नेमणूक त्यांना नाकारता येत नाही."

"शब्द देताय?"

"शब्द देतो."

आठवड्याने यादी आली. तेरा मुली. गुणांच्या क्रमाने जागा द्यायच्या आणि शेवटचीला उरेल ते द्यायचे, अशी रीत होती. तेराव्या ओळीवर निवृत्तींचे बोट थांबले. सिंधू निवृत्ती बोराडे.

संध्याकाळी जेवताना त्यांनी घरी सांगितले. त्यांच्या पत्नी लंकाबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली.

"तिकडं राहिलेली पोर कोण करून घेईल हो? दिवा नाही, रस्ता नाही. तुम्ही बावीस वर्षं तिथं बसून काय मिळवलंत?"

"आई, माणसं राहतात की तिथं," सिंधू म्हणाली. "दोन वर्षांचा तर प्रश्न. आणि तिथल्या बाईंचा नवरा आजारी आहे, आबाच सांगत होते. आबा, मी जाते ना."

आबा ताटात बोटे फिरवत राहिले. लेकीच्या आवाजात भीती असती, तर त्यांनी कदाचित तिला धीर दिला असता. तिचा तो निर्भयपणाच त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुदा स्वतः टाइप केला. बोराड्यांचा मसुदा साहेब वाचत नसत, सही करत. बावीस वर्षांच्या नेकीची ती कमाई होती. सिंधूपुढे नाशिकजवळचे सायखेडा पडले. करंजपाड्यापुढे त्यांनी मालेगावकडच्या एका जुन्या नर्सचे नाव घातले. तिचा आजारपणाचा दाखला हुकमाची शाई वाळण्याआधी येईल, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी तिला निवडले. दुसरी कुणी असती तर साहेबांच्या दारात रडली असती आणि मसुदा पुन्हा उघडला गेला असता. मालनबाईंचा हुकूमही निघाला. सहावा. शेवटची ओळ तीच.

मालनबाई आल्या त्या श्रावणात. या वेळी न सांगताच खुर्चीवर बसल्या. छत्री त्यांनी भिंतीला टेकवली.

"मालकांचं पुण्यानुमोदन झालं परवा," त्या म्हणाल्या.

निवृत्तींनी हातातली टाचणी खाली ठेवली.

"तार चौथ्या दिवशी पोचली. नदीच्या फरशीपुलावरून छातीएवढं पाणी. पाड्यावरच्या मंगळूनं कंबरंला दोर बांधून पल्याड नेलं मला. घरी पोचले तवर सगळं उरकलं व्हतं. जाऊबाई म्हणती, शेवटाला दाराकडंच बघायचे. पाऊल वाजलं का विचारायचे, आली का?"

शेजारच्या टेबलावर टाइपरायटर चालू होता. तो थांबावा असे निवृत्तींना फार वाटले. तो थांबला नाही.

"एक अर्ज लिहून द्या, भाऊसाहेब. तुमचं अक्षर चांगलं."

"कसला?"

"बदली रद्द करा म्हणून."

"मालनबाई..."

"आता नाशकात कुणासाठी येऊ? तिथं निदान बाळंतिणी वाट बघत्यात." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, लगेच काढला. "आन जी यायची व्हती, तिला बोल लावू नका. कुणाची तरी लेक आसंल. घरच्यांनीच नाय म्हणलं आसंल."

निवृत्तींनी कागद ओढला.

"तुमच्या सिंधूला सायखेडा मिळालं म्हणं. बरं झालं. बापाच्या नजरंसमोर राहील."

त्यांनी दचकून वर पाहिले. मालनबाईंच्या चेहऱ्यावर टोमणा कुठे दिसतो का, हे ते शोधत राहिले. टोमणा असता तर तो झेलायला त्यांनी छाती पुढे केली असती. तिथे फक्त थकवा होता, आणि थोडे कौतुक.

अर्ज लिहून झाला. त्यांनी वाचून दाखवला.

"'स्वखुशीने' लिहायलाच लागतं का?" मालनबाईंनी विचारले.

"नियम आहे."

"मंग राहू द्या."

त्यांनी सही केली. निवृत्ती उठले आणि त्यांची पिशवी उचलून स्टँडपर्यंत चालत गेले. मालनबाई नको नको म्हणत राहिल्या. वाटेत भुरभुर पाऊस लागला. दोघांनीही छत्री उघडली नाही.

"मालनबाई, ती जागा..." गाडीच्या पायरीपाशी त्यांनी सुरुवात केली. "त्या यादीत..."

"काय म्हणलात?"

कंडक्टरने आतून हाक दिली. "बाई, चला! तुमच्यासाठीच थांबलोय."

"काही नाही," निवृत्ती म्हणाले. "सांभाळून जा."

गाडीत दहाबारा माणसे होती. मालनबाई चढताच ती सरकली, खिडकीजवळ जागा झाली. त्या टेकतात न टेकतात तोच मागच्या बाकावरची एक बाई उठली आणि काही न बोलता तापाने फणफणलेले आपले मूल तिने त्यांच्या मांडीवर ठेवले. मालनबाईंनी ओला पदर खांद्यावर घेतला, तळहात साडीला घासून ऊबदार केला आणि मग त्या मुलाच्या कपाळावर ठेवला.