स्वेटरमधला वास

पिशवीची गाठ सोडून बायकोने स्वेटर थेट त्याच्या नाकाला लावला आणि म्हणाली, "सांगा."

तो नुकताच कामावरून आला होता. काय सांगायचं तेच कळेना, म्हणून त्याने आधी स्वेटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. स्वेटर सासूबाईंचा होता. तपकिरी, कोपराला रफू केलेला. त्या गेल्या तेव्हा मेहुणीने दागिने घेतले आणि हिने हा. वेडीच आहेस, असं सगळे म्हणाले. हिने कुणाचं ऐकलंय कधी! स्वेटर न धुता पिशवीत घातला, वर गाठ मारली, आणि अगदीच राहवलं नाही की गाठ सोडून त्यात तोंड खुपसून बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

ती साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. मध्यंतरी सर्दी झाली, आणि सर्दी गेली ती वास घेऊनच गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. कारखान्यातल्या साहेबांनी तोवर तिला पॅकिंगला बसवलं. तेही तिने फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आज तिने पिशवी उघडली होती, आणि स्वेटर नुसता हाताला लागला होता.

"नाक गेलंय, ते येईल," ती म्हणाली. "पण यातला वासच संपला असेल तर? मला कळणारसुद्धा नाही हो. तुम्ही सांगा, आई आहे का अजून यात?"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आवाजांसाठी त्याच्याकडे शब्दांना तोटा नव्हता. कुरकुर वेगळी, खरखर वेगळी, दार अडतं तेव्हाची घासाघीस आणखी वेगळी. वासाला मात्र त्याच्याकडे तीनच शब्द होते: छान, बरा आणि घाण. त्याने हुंगलं आणि त्यातला पहिला वापरला.

"छान म्हणजे कसा? नाक दिलंय की नुसती चष्मा अडकवायला खुंटी?"

मग त्याने तिलाच विचारलं, कसा असायचा ते सांग, म्हणजे तसा आहे का ते बघतो. साबणाची एक वडी हातात घेऊन त्यात काय काय पडलंय ते घडाघडा सांगणारी बाई ती. बराच वेळ विचार करून म्हणाली, "आईसारखा." आणि स्वतःवरच चिडली.

आता आली का पंचाईत! सासूबाईंच्या जवळ बसायचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नव्हता. मधे कायम टेबल असायचं. त्याने डोळे मिटून पुन्हा हुंगलं. आधी प्लास्टिक लागलं, मग जुनी लोकर. आणि त्याच्या खाली, अगदी ओळखीचं असं काहीतरी.

तो चमकला. हा वास त्याला पाठ होता. कूस बदलली की शेजारच्या उशीवरून रोज हाच यायचा.

हे म्हणजे नेमकं काय, ते त्याला उलगडेना. आईचा वास लेकीत उतरतो का? की हिने इतकी वर्षं तोंड खुपसून खुपसून सासूबाईंना कधीच पुसून टाकलं होतं, आणि आत होती ती हीच? अगं, हा तर तुझाच आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने ते गिळलं.

"आहे," तो म्हणाला.

"कसा?"

"इस्त्री करून ठेवलेल्या कपड्याचा असतो ना, कपडा गार झाल्यावर? तसा." तो चाचपडत बोलत होता. "आणि केसांचा. धुतलेल्या केसांचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या. थोडा घाम आहे, पण आंबट नाही. कुणी दिवसभर काम करून आता कुठे टेकलंय, असा. आणि... जवळ गेलं की कोमट दुधाचा. लांबून नाही येत."

एवढं आपण बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. तिचे डोळे भरून आले होते.

"हाच," ती म्हणाली. "अगदी हाच, दूधसुद्धा. मला मेलीला एवढं सांगता येईना." मग पदराने डोळे पुसता पुसता ती थांबली. "पण तुम्ही कधी हो आईच्या एवढं जवळ बसलात?"

"बसलो असेन," तो म्हणाला.

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिने स्वेटरची घडी घातली, पिशवीत सरकवला, गाठ घट्ट मारली. पिशवी कपाटात ठेवून ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

तो थोडा तिच्याकडे सरकला आणि सांगू लागला.