उंबऱ्याबाहेरचा काळुराम

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी पेणला आमच्या घरी खून झाला, आणि सध्या तो रोज संध्याकाळी टीव्हीवर चालू असतो. खून माझ्या भास्करकाकांचा. रामनवमीला भर दुपारी, सगळं घर आणि अर्धं गाव आमच्या राममंदिरात जन्माच्या कीर्तनाला बसलेलं असताना, देवळामागच्या भाताच्या कोठीत कुणीतरी त्यांच्या डोक्यात घाव घातला. कुणी, ते आजवर कळलं नाही. काकांनी बाजारात दुसरं बिऱ्हाड केलं होतं, त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, हे मात्र गावाला पाठ होतं. मालिकावाल्यांना आणखी काय हवं! त्यांनी घराण्याच्या परवानगीवर माझी सही घेतली आणि आमची सगळ्यांची नावं बदलली. काळुरामचं तेवढं तेच ठेवलं.

काळुराम आमच्या मिठागरावरचा माणूस. आदल्या दिवशी काकांशी त्याची शिवीगाळ झाली होती, म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. पुरावा नव्हता, सोडलं. पण मग पेण-धरमतरकडे त्याला कुणी कामावर घेईना. बायकापोरांना घेऊन तो रोह्याजवळ वरशाला गेला आणि तिथेच संपला.

कीर्तनाच्या भागासाठी दिग्दर्शिकेने, उर्वीने, मला बोलावून घेतलं. रोह्याच्या शाळेतून निवृत्त होऊन मी आता फक्त कीर्तनं ऐकतो, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. चित्रीकरण आमच्याच देवळात होतं. मी हरखून गेलो. इथेच मी लहानपणी महिपतीबुवांची रामजन्माची कीर्तनं ऐकली. बुवा पूर्वरंगात एका अभंगाची अशी उकल करायचे की डाळ निवडणाऱ्या बायकांचे हातही थांबायचे. मध्यंतरात त्यांच्या गळ्यात हार पडायचा, कपाळाला बुक्का लागायचा, आणि पाण्याचा घोट घेऊन ते आख्यानाला उभे राहिले की आई मला मांडीवरून उतरवून म्हणायची, "आता गप. आता राम येणार." बारा वाजता गुलाल उधळला जायचा, पाळणा हलायचा, आणि सुंठवड्याने जीभ चुरचुरायची. ते सगळं पुन्हा बघायला मिळणार म्हणून मी धोतर नेसून गेलो होतो.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी नऊवारी सावरत बसली होती. गर्दीत बसायला गावागावांतून बायका आणल्या होत्या, त्यांतली.

"वळखलं नाय ना गुरुजी? मी जनी. काळुरामची पोर."

"जनीताई, तुम्ही इथे?"

"नातवाला कंपनीत शिफ्टवर इचारतात, काय रं, तुझ्या पणज्यानं किती मारले? म्हणून आले. त्या लिवणाऱ्या पोराला सांगितलं, माझा बापूस कीर्तनात हुता, मी त्याच्या खांद्यावर बसलेली. तर म्हणतो, आजी, काय दिसलं मग? मी म्हटलं, बुवाची पाठ. पगडीचा मागला भाग आनि म्होरं बसलेल्या मानसांची तोंडं."

"मग?"

"हसला. म्हणतो, दारात उभं र्‍हायल्यावर बुवाचं तोंड दिसंल, पाठ कशी दिसंल? तुमी सपान बघलं." त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या, "आज रातच्याला त्यो सीन घेनार हायेत. बापूस कीर्तनातून सटकतो आनि कोठीत जातो. मी बघत बसू का?"

मी आत गेलो. बुवा झालेला नट गाभाऱ्याकडे पाठ करून उभा! समोर नाट्यगृहासारखी रांगेत माणसं, त्यांची तोंडं देवाकडे, पाठी दाराकडे.

"उर्वीबाई," मी म्हणालो, "हे व्याख्यान आहे की कीर्तन? नारदाच्या गादीवरचा माणूस देवाला पाठ दाखवत नाही. तो देवापुढे तोंड करून उभा राहतो. त्याच्या आणि देवाच्या मधली वाट मोकळी. माणसं त्या वाटेच्या दोन्ही अंगांना, बुवांकडे बघत."

"सर, कॅमेऱ्याला त्रास होईल हो."

"कॅमेऱ्याला होऊ दे. रामाला नको."

लोक हसले. लेखक पोरगा, अद्वय, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काका, इतक्या बारकाव्याकडे कोण बघतं?" पण उर्वी गुणी पोरगी. तिने सगळ्यांना उठवून फिरवलं. बुवा दाराकडे पाठ करून उभे राहिले, बायका-पुरुष दोन्ही बाजूंना त्यांच्याकडे तोंड करून बसले. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात देवाचाच मान होता, दुसरं काही नाही.

मग काळुराम झालेला नट उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. त्या काळी आमच्या देवळात कुळं आणि मिठागरवाले आत बसत नसत. दारात उभ्यानेच ऐकत.

उर्वी कॅमेऱ्यातून बघत राहिली. "अद्वय, इकडे ये. हा सटकणार कसा? सगळे त्याच्याचकडे बघतायत."

अद्वयने बघितलं. तो दाराशी गेला, काळुरामच्या शेजारी उभा राहिला. त्याला बुवांची पाठ दिसली, आणि पलीकडे मांडवभर चेहरे. तो तसाच वळून जनीताईंकडे गेला. "आजी, मी चुकलो," म्हणाला. जनीताई त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमची आई म्होरंच बसली हुती. हिरव्या लुगड्यात."

मी देवळाच्या मागे गेलो आणि लतिकाताईला फोन लावला. माझी थोरली बहीण. तेव्हा दहा वर्षांची होती, आईला चिकटून बसलेली असणार.

"ताई, त्या दिवशी काळुराम दारात होता का?"

"देवळात गेलास वाटतं. पाणी प्यायलास का? ऊन फार आहे."

"ताई."

ती म्हणाली, "होता रे. पोरगी खांद्यावर. गुलाल उडाला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, बुवाही मागे वळून हसले. सगळ्यांनी बघितलं."

"मग पोलिसांना कुणीच का नाही..."

"काळुराम दारात होता म्हटलं असतं, तर त्यांनी पुढचं विचारलं असतं. मांडवात कोण नव्हतं? काकांखेरीज आपल्याच घरच्या दोघांच्या जागा रिकाम्या होत्या, रघू. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला तो ठेवलाच. नावं विचारू नकोस. त्या दोघांतला कोण, की दोघंही नाहीत, ते आईलाही माहीत नव्हतं."

सुंठवड्याच्या चवीची ती सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढे आली. बुक्का लावणारी, मला राम दाखवणारी. त्यांच्यावरची माया कमी झाली नाही, हेच अवघड होतं.

मी आत येऊन सगळ्यांसमोर बोललो. "उर्वीबाई, आमच्या घरच्यांनी काळुरामला जन्म होईपर्यंत दारात बघितलं होतं. माझी बहीण सांगेल, हवं तर नावानिशी. घराण्याची परवानगी म्हणून मी सही केली होती ना? तशी हीही माझी सहीच समजा."

"मग खुनी कोण दाखवायचा?" अद्वयने विचारलं.

"तो नका दाखवू," जनीताई मध्येच म्हणाल्या. "माझा बापूस कुठं हुता तेवढं दाखवा. बाकी तुमच्या रामाला इचारा."

उर्वीने कागद मुडपले आणि रात्री घ्यायचा कोठीचा प्रसंग रद्द केला. दुपारचाच पुन्हा लावायला सांगितला. जनीताई उठून उंबऱ्याबाहेरच्या नटाजवळ गेल्या आणि त्याचे जोडलेले हात सोडवले.

"असा नाय रं. चपला काखंत धर. त्या चोरीला जायच्या ना! आनि एक हात वर, पोरीच्या पायाला."

नटाच्या खांद्यावर एका चिमुरडीला बसवलं. जनीताई तिच्या कानात काहीतरी बोलल्या आणि पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. बुवांनी पाळणा म्हणायला घेतला. बुवा झालेल्या नटाला गळा बेताचाच होता, पण झांज बरोबर पडत होती. गुलाल उडाला, आणि दारातल्या पोरीने जोरात टाळ्या वाजवल्या.

"कट!" कुणीतरी ओरडलं. जनीताई थांबल्या नाहीत. पाळण्याच्या पुढच्या ओळी त्यांना येत होत्या, त्या त्यांनी म्हणून संपवल्या. मी मागे सूर धरला.