गच्चीवरची बोट

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा होते. टाळ नाहीत, तंबोरा नाही, तरी आख्यान आहे. राजाचं नाही आणि ऋषीचंही नाही, एका फिटरचं आहे. देव माणसाला त्याच्या घराच्या दारातच गाठतो असं कीर्तनात ऐकत आलो, म्हणून आपणही दारापासूनच सुरुवात करू.

दार रियाधच्या अल मलाझमधलं, तिसऱ्या मजल्यावरचं. खाली इस्त्रीवाला आणि मोबाईलचं दुकान. घरात माणसं चार: उल्हास, त्याची बायको शालिनी, पंधरा वर्षांची संपदा आणि तिच्या पाठची अवंती. चौघं एका छपराखाली आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी उल्हास अल खर्जच्या एका डेअरीत, दूध काढायच्या यंत्रांवर. राहणं कॅम्पात. एका खोलीत सहा जण, आणि दुमजली पलंगाचा खालचा मजला एवढीच त्याची जहागीर. बायको-पोरी तिकडे गुहागरात. दोन वर्षांनी सुट्टी मिळायची. धाकटीला त्याची ओळख पटून ती मांडीवर बसायला लागली की परतीची तारीख यायची. मग बढती मिळाली, इकाम्यावरचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलला, रियाधच्या ऑफिसात बदली झाली आणि कुटुंब आणायची परवानगी आली.

कुटुंब आलं. पण बरं का, उल्हास काही घरात आला नाही. राहायचा तो पाहुण्यासारखा. साबण आणि टॉवेल आपल्या वेगळ्या बादलीत. जेवला की ताट स्वतः धुऊन पालथं घालायचा. चहाचा कप घेऊन दाराशी उभा राहायचा.

"अहो, बसा की," शालिनी म्हणायची. "भाडं तुम्हीच भरता ना या घराचं?"

"बसतो, बसतो," तो म्हणायचा आणि उभाच.

या माणसाला एक वेड होतं. कॅम्पात झोप येत नसे तेव्हा तो मोबाईलवर इंग्लंडातल्या कालव्यांचे व्हिडिओ पाहायचा. बारीक, लांबलचक बोटी, दुधीभोपळ्यासारख्या. दोन्ही काठांना हिरवं गवत, आणि बोट जाते किती वेगानं, तर काठावरचं कुत्रं तिला मागे टाकेल एवढ्या. आत चूल, बिछाने, खिडकीला पडदे. बाहेर वाळू भणभणत असायची आणि हा उशीला कान लावून पाण्याचा आवाज ऐकायचा. वरच्या पलंगावरचा समाधान, सांगोल्याचा इलेक्ट्रिशियन, खाली वाकून विचारायचा, "काय बघतो रोज रोज? काही घडतच नाही त्यात."

"अरे, तेच तर," उल्हास सांगायचा. "घरच चालतंय. मागं कोणी राहत नाही."

तर त्या माणसानं यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर अशी बोट भाड्यानं घ्यायचं मनावर घेतलं. जेवताना सांगितलं. स्वतः अर्थात उभाच होता.

"आणि संडास?" शालिनीचा पहिला प्रश्न.

"आतच असतो. डबा असतो त्याला. भरला की ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा."

"कोणी?"

"मी करीन की."

"म्हणजे इंग्लंडला जाऊन आपण हे करायचं. जाऊबाई विचारतील, लंडन पाहिलंत का. सांगीन, नाही हो, डबा पाहिला."

अवंती हसून हसून खुर्चीवरून घसरली. संपदा हसली नाही. तिनं विचारलं, "रुंदी किती?"

"सात फुटांना थोडी कमी."

"बोटीची की खोलीची?"

"बोटीचीच, बाळा. आतून आणखी थोडी कमी."

संपदा ताट उचलून उठली. थोड्या वेळानं ती खोलीत सादियाशी फोनवर बोलत होती. सादिया तिच्या वर्गातली, हैदराबादची, पलीकडच्याच गल्लीत राहणारी. उल्हास सफरचंद चिरून बशी घेऊन दारापर्यंत गेला होता.

"पूरा हफ्ता, सादिया. एक पाइप के अंदर, बाबा के साथ. हम बात क्या करेंगे? नहीं, बुरे नहीं हैं. बस, मुझे पता ही नहीं उनसे क्या बोलते हैं. मैं तुम्हारे घर रह लूँ?"

उल्हासनं बशी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि पावलांचा आवाज न करता परत फिरला. कॅम्पात ती कला शिकावीच लागते, कुणी ना कुणी पाळीहून येऊन झोपलेला असतोच.

दुसऱ्या दिवशी शालिनीनं त्याला सांगितलं की संपदा यायला तयार नाही, सादियाच्या आईनंही हो म्हटलंय. बोटवाल्यांना माणसांची नावं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायची होती. नावं चार कळवायची की तीन, एवढाच प्रश्न.

"तीन कळवा," शालिनी म्हणाली. "वय तसं आहे तिचं. जबरदस्ती नको."

"तिघांनी जायचं तर नकोच," उल्हास म्हणाला. ज्या घरातलं कोणी मागे राहत नाही, ते घर त्यानं इतकी वर्षं उशाशी जपलं होतं. त्यातून थोरली लेकच वगळायची, तर उरलं काय? आणि ओढून न्यावं, तर ती आठवडाभर खिडकीबाहेर तोंड करून बसणार. त्याला वाटलं, दोष जागेचा आहे. जागा नीट मांडली, पोरीला मोकळं वाटेल अशी केली, तर येईल ती. फिटरची बुद्धी, बिघाड यंत्रातच शोधायची. तो रोज कामावरून येऊन बोटीचा नकाशा घेऊन बसू लागला.

शुक्रवारी सकाळी समाधान खर्जहून आला तो पिवळ्या चिकटपट्टीची मोठी रिळं घेऊनच. इमारतीचा राखणदार नबील, येमेनचा म्हातारा, गच्चीची किल्ली देताना म्हणाला, "यल्ला, करो. काम खलास, तो पट्टी भी खलास. मेरा छत साफ चाहिए."

फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं. पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधून दोघांनी मापं टाकत पट्ट्या चिकटवल्या आणि गच्चीवर बोट उभी राहिली. पुढे बाकडं, मग टेबल, मग चूल, न्हाणी, मागे एक खोली, आणि सगळ्यात मागे उघड्यावर उभं राहून बोट हाकायची जागा. तिथं समाधाननं रंगाच्या डब्यात वाळू भरून झाडूचा दांडा रोवला. हे सुकाणू.

अवंती तिथं चिकटली ती हलेना. शालिनी पदर खोचून पट्ट्यांच्या आत शिरली, चुलीपाशी उभी राहिली आणि वळली.

"वहिनी, भिंतीतून हात बाहेर आला तुमचा," समाधान म्हणाला. "कालव्यात कालथा पडला बघा."

"आणि तुमचं पोट कुठं चाललंय, भावजी? काठावरच्या गाईला लागेल."

आता दोघींनी एकमेकींना ओलांडायचं म्हणजे एकीनं न्हाणीत शिरायचं. शालिनीनं अवंतीला हाक मारली, वाटेत टक्कर झाली, अवंतीनं नसलेली भिंत फोडली. फक्त उल्हास त्या चिंचोळ्या वाटेतून सरसर जायचा, अंग तिरकं करून, कोपर आत घेऊन, कुठंही न लागता. पंधरा-सोळा वर्षांचा सराव.

हसणं खाली ऐकू गेलं असावं. संपदा चहाचा थर्मास घेऊन वर आली, पट्ट्यांच्या बाहेर थांबली आणि सगळं न्याहाळू लागली.

"ही मागची खोली कुणाची?"

"तुझी," उल्हास घाईनं म्हणाला. "एकटीची. दार आहे बघ, आतून कडी लागते. हे टेबल तुझ्या अभ्यासाला, ते दुमडायचं नाही. आई आणि अवंती पुढच्या बाकड्यावर, ते पसरतं. तुला कुणाची कटकट नाही."

"आणि तुम्ही?"

"मला काय. बोट हाकायला मागे माणूस लागतोच."

"रात्री बोट चालवत नाहीत. बांधून ठेवतात."

"मग... तिथंच एक घडीची खुर्ची टाकीन. उन्हाळाच असतो. पांघरूण घेतलं की झालं."

समाधान हसला. "अगं, याचं टेन्शन नको घेऊ. खोलीत सातवा माणूस आला तेव्हा दोन महिने हाच दाराबाहेर झोपला होता. पत्र्याखाली. म्हणे वारा चांगला लागतो."

शालिनीचा हात थर्मासच्या झाकणावरच राहिला. हे तिला आज कळत होतं. त्या दोन महिन्यांतही रोज फोन यायचा, 'मजेत आहे' म्हणून.

संपदा पट्ट्यांभोवती हळूहळू चालत मागच्या खोलीपाशी आली. सगळ्या बोटीत ती एकच जागा अशी होती जिथं हातपाय पसरता आले असते.

"सोमवारी सफरचंदाची बशी चपलांच्या कपाटावर होती," ती म्हणाली.

"हो. विसरलो असेन मी."

"मी फोनवर होते तेव्हा."

"असशील," उल्हास म्हणाला आणि सुकाणूच्या डब्यातली वाळू बोटानं सारखी करू लागला.

पोरीनं माफी मागितली असती, तरी बापाला ती घेता आली नसती. ती वाकली, चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि थेट टेबलापाशी गेली.

"हे टेबल खाली बसतं. त्याचा डबल बेड होतो. फोटो आहेत वेबसाइटवर."

"तू गं कधी पाहिलेस फोटो?" शालिनीनं विचारलं.

"असेच."

तिनं टेबलाच्या पट्ट्या ओढून काढल्या, त्या जागी बिछाना आखला, लांबी पाहायला स्वतः आडवी झाली, उठली आणि आणखी वीतभर वाढवला. "मागची खोली आई-बाबांची. मी इथं. अवंती लाथा मारते, तिला पुढचं बाकडं एकटीला. अभ्यास मी सुट्टीत करत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बाबा, आत या."

"अगं, पण सुकाणू..."

"सुकाणू मी धरते. तुम्ही आत बसा."

उल्हास आत आला, पण त्याला बसता येईना. या बाजूला टेकावं तर चुलीची वाट अडते, त्या बाजूला टेकावं तर अवंतीचं बाकडं. तो तसाच उभा, कोपर आत घेऊन.

शालिनीनं कपात चहा ओतला. दर शुक्रवारी सकाळी स्वयंपाक करताना ती मोबाईलवर कीर्तन लावणारी बाई. ती म्हणाली, "अहो, पूर्वरंग संपला की बुवांनासुद्धा थांबवतात. हार घालतात, घोटभर पाणी देतात, तोवर गजर बाकीचे धरतात. बुवा एकटे रात्रभर नाचत नाहीत. बसा."

तेव्हा तो बसला. अगदी मध्यभागी, मांडी घालून. आधी गुडघे आवळून होता. अवंती येऊन पाठीला टेकली, तसे गुडघे थोडे सैल झाले. चहा अर्धा पिऊन त्यानं कप खाली ठेवला आणि उचलून धुवायला धावला नाही.

मागून संपदानं हाक मारली. "बाबा, उजवीकडे वळायचं तर दांडा कुठं?"

"डावीकडे ढकल. उलटं असतं."

"असं का पण?"

"पातं पाण्यात असतं ना, दांडा एकीकडे गेला की ते दुसरीकडे जातं. पण लगेच नाही वळत हं. तू ढकललंस की बोट जरा विचार करते. तोवर घाबरून परत ओढायचं नाही."

"आणि समोरून दुसरी बोट आली तर?"

"उजवी बाजू धरायची. अरुंद पुलाखाली एकीनं थांबायचं."

"पाण्याची पातळी बदलायचा तो दरवाजा आला की खाली कोण उतरणार? आईला ते जड दार ढकलता येईल?"

"आईला?" उल्हास म्हणाला. "आईनं ढकललेलं दार तू पाहिलं नाहीस अजून."

"बोला, बोला," शालिनी म्हणाली. "मी ऐकतेय."

मग चाललंच ते. बदकं येतात का, सुकाणू किती तास धरता येतं, कॅम्पात तुम्ही हे रोज पाहायचा का, एकटेच पाहायचा का. प्रश्न मागून यायचा, उत्तर आतून जायचं. जुम्म्याची बांग झाली, तरी बोट गच्चीवर चालूच होती.

दुपारी संपदानं सादियाला कळवलं की तिच्याकडे राहायला येत नाही. संध्याकाळी उल्हासनं बोटवाल्यांना चार नावं पाठवली. पाठवताना तो सोफ्यावर बसला होता, आणि दोन्ही पोरी खांद्यावरून वाकून स्पेलिंग तपासत होत्या.

गच्ची तेवढ्यात समाधाननं नबीलला घेऊन साफ केली. पट्ट्या सोलून त्यांचा एक गोळा केला. मागची खोली सोलताना क्षणभर थांबला आणि आपल्या फोनवर तिचा फोटो काढून घेतला. खाली चहा झाला, शालिनीनं डब्यात थालीपीठं बांधून दिली आणि तो खर्जच्या वाटेला लागला. त्याची बायको ममता आणि मुलगा अजून सांगोल्यातच आहेत. त्याच्या इकाम्यावरचा हुद्दा अजून तोच आहे. खोलीतला वरचा पलंगही तोच.

आख्यान इथं ठेवतो. उल्हासची काळजी नको, त्याला आता बसायला जागा मिळाली. पण आज देवापुढं हात जोडाल तेव्हा, बाबांनो, आयाबायांनो, आपलं मागून झालं की समाधानची आठवण ठेवा.