कच्चा कागद

माघ सरत आला होता. वैनगंगेचं पाणी काठापासून दूर, आत आत सरकलं होतं, आणि उघड्या पडलेल्या वाळूवर पांढुरकं, शिणलेलं, शिशिरक्लांत ऊन पसरलं होतं. काठावरचा पिंपळ झडत होता. एकेक पान देठ सोडी, हवेत क्षणभर थबके, आणि खाली येई. दिवसभर झडे, तरी पिंपळ काही रिता होत नव्हता.

त्या पिंपळाच्या विरळ सावलीत दमयंतीबाई किरणापुऱ्यांची कौलारू छपरी. छपरीत एक सतरंजी, एक काळा फळा, एक उतरतं मेज, आणि मेजावर तांबड्या शाईची दौत. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण बाईंची शिकवणी सुटली नव्हती. शुद्धलेखन, व्याकरण, निबंध, पत्रलेखन. गावात बोललं जाई, की बाईंच्या हाताखालून गेलेल्या पोराचा अर्ज साक्षात कलेक्टरनं वाचला, तरी त्याला बोट ठेवायला जागा मिळायची नाही.

शुभ्र पातळ, शुभ्र केस, शुभ्र भाषा. बाईंना डाग म्हणून खपत नसे. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि गावातले आगाऊ लोक म्हणत, मागणी घालणाऱ्याच्या पत्रात चूक निघाली असेल. हे बाईंच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते कधी नाकारलं नाही.

बाईंच्या घरचा एक नेम होता. लिहिणाऱ्यानं आधी कच्चं लिहायचं. त्यावर बाईंची तांबडी शाई फिरायची, खाली गोलात चुकांची संख्या पडायची. मग त्यावरून सुवाच्य, निर्मळ, निर्दोष पक्की प्रत. आणि पक्की प्रत झाली, की कच्चा कागद लिहिणाऱ्यानंच आपल्या हातानं न्हाणीतल्या बंबात टाकायचा. ‘कच्चं घरात ठेवू नये,’ बाई म्हणत, ‘ठेवलं की चूक घर करते.’ चाळीस वर्षं त्या तांब्याच्या बंबानं गावातल्या पोरांच्या चुका खाल्ल्या होत्या, आणि त्या चुकांवर तापलेल्या पाण्यानं बाई रोज पहाटे न्हात आल्या होत्या.

दुपारी पोरं पांगली, की पार्बता यायची.

पार्बता बिड्या वळायची. पन्नाशीची, काळीसावळी, तेंदूपानासारखी वाळलेली. ती यायच्या आधी तिचा खोकला यायचा, आणि खोकल्याच्या मागून तमाखूचा उग्र, उदास वास. पानं कातरता कातरता एकदा कातर सटकली होती. तिच्या डाव्या अंगठ्यावर त्या घावाची आडवी, पांढरी रेघ होती.

ती शिकायला आली ती लेकीपायी. कुंदा शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा उठायचा, आणि वर्गातल्या पोरी त्या निळ्या डागाकडे बघून हसायच्या. कुंदा घरी येऊन म्हणायची, ‘आई, सही शिक ना वं.’ तेव्हा पार्बताला सवड झाली नाही. मग एकोणिसाव्या वर्षी कुंदानं आपल्या मनानं जोडीदार निवडला, आणि पार्बतानं भर दारात, चार माणसांत शब्द टाकला, ‘मेली मले तू.’ मामानं तर दोघांचे पाय तोडायची भाषा केली. कुंदा सुरतेला गेली ती गेली, मागं उरला तो एका मैत्रिणीपाशी ठेवलेला पत्ता. त्याला सहा वर्षं झाली होती.

पोरगी गेली आणि तिचं म्हणणं मागं राहिलं. दोन वर्षं पार्बता त्या सतरंजीवर बसून अक्षरं वळत होती, बिडीसारखीच, खाली मान घालून. अ झाला, आई झाली, वाक्य झालं. बाई कडक होत्या, पण या विद्यार्थिनीवर त्यांचा जीव जडला होता. इतक्या उशिरा आलेली, इतकी आज्ञाधारक दुसरी कुणी त्यांना भेटली नव्हती.

मग त्या माघात डॉक्टरांनी पार्बताची छाती तपासली आणि तिला काही न सांगता तिच्या भावाला बाहेर बोलावलं. पार्बताला अक्षरं यायच्या आधीपासून माणसांचे चेहरे वाचता येत होते. ती सरळ छपरीत आली.

‘बाई, आता पत्र लिवतो मी. एकडाव पोरीले पाहीन म्हणतो.’

त्या दुपारी तिनं जन्मातलं पहिलं पत्र लिहिलं. कच्चं. ओळी वर चढल्या, खाली उतरल्या, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली.

‘कुंदे, मी तोंडानं बोलली, पोटानं नाई बोलली. तुही पाटी आहे अजून. तिच्यावर मी तमाखू पसरतो, मंग तुह्या नावाचा वास येते. मामाले गप केलं. छाती लय दुखते. ये वं माय.’

बाईंनी तांबडी शाई घेतली. त्यांचा हात सवयीचा होता, तो न थांबता फिरला. मायना नाही. पाटीची ओळ अप्रस्तुत. वासाची ओळ अर्थहीन. खाली गोलात आकडा पडला, अठरा. आणि मग त्यांनी मोठ्या मायेनं, शब्द निवडून निवडून, तिला पक्का मजकूर सांगितला.

‘चि. सौ. कुंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, माझी प्रकृती अलीकडे ठीक नसते. रागाच्या भरात माझ्याकडून अनुचित शब्द उच्चारले गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. तरी तू सवडीने येऊन जावेस, ही इच्छा.’

ती पक्की प्रत उतरायला तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी पार्बतानं खाली आपलं नाव लिहिलं, त्यावर रेघ ओढली, आणि कितीतरी वेळ ती त्या नावाकडे परक्या, कौतुकभरल्या डोळ्यांनी बघत राहिली. हे आपणच लिहिलं यावर तिचा विश्वास बसेना. ‘कुंदी पाहीन तं येडी होईन,’ ती म्हणाली. मग नेमाप्रमाणे तिनं कच्चा कागद उचलला, न्हाणीत गेली आणि बंबाच्या तोंडाशी धरला. कागद आधी तपकिरी झाला, मग काळा. बाई दाराशी उभ्या राहून समाधानानं बघत होत्या.

फाल्गुन लागला. पलीकडच्या रानात पळस पेटले, आणि इकडे पार्बताचा खोकला अधिक खोल, अधिक ओला झाला. रोज दुपारी ती छपरीच्या पायरीवर बसे आणि पोस्टमनची वाट पाही. उत्तर बाईंच्या पत्त्यावर यायचं होतं.

आलं. पार्बतानं पाकीट बाईंच्या हाती दिलं नाही. आयुष्यात तिला आलेलं ते पहिलं पत्र, ते तिनं स्वतः वाचलं. मोठ्यानं वाचलं, एकही अक्षर न अडखळता वाचलं.

‘हे पत्र कोणी लिहिलं मला माहीत नाही. माझी आई असं बोलत नाही. तिला लिहिता येत नाही, ती अंगठा लावते. मामा, मला बोलावून घ्यायची ही युक्ती असेल तर समजून चुकले. माझी आई मला सवडीने ये म्हणणार नाही. पुन्हा पत्र पाठवू नका.’

पिंपळावरून पानं येत होती. एक सतरंजीवर पडलं, एक मेजावर. कुणी ती झटकली नाहीत.

बाईंच्या शुभ्र चेहऱ्यावरचा रंग उतरला. चूक झाली होती, आणि ती कुठे झाली हे दाखवायला दुसऱ्या कुणाच्या तांबड्या शाईची गरज नव्हती. बाईंना फार, फार लाज वाटली. त्या खाली सतरंजीवर, पार्बताच्या शेजारी बसल्या. चाळीस वर्षांत त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या.

‘पुन्हा लिही, पार्बता. तू बोलतेस ना, अगदी तसंच लिही. मी हात लावणार नाही.’

पार्बतानं पेन धरलं. ओळ सरळ गेली. अक्षरं अंतर राखून, शहाण्यासारखी उभी राहिली. ‘प्रिय कुंदा हिस अनेक आशीर्वाद.’ तिनं कागद बाजूला सारला, दुसरा घेतला. पुन्हा तेच. तिसरा घेतला. बाई त्या ओळींत आशेनं चुका शोधत होत्या, आणि चूक सापडत नव्हती.

‘नाई होत जी,’ पार्बता म्हणाली. ‘बोलतो तवा येते. पेन धरला का हात सरळच जाते आता.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि बाईंना तेच सोसवेना. पार्बता पुष्कळ वेळ खोकली. मग तिनं कोरं अंतर्देशीय पत्र उघडून मेजावर पसरलं, हातानं सपाट केलं.

‘दौत सरकवा बरं इकडं.’

अंगठा पुन्हा लावायचा नाही, म्हणून जिनं दोन वर्षं अक्षरं वळली, त्या पार्बतानं डावा अंगठा तांबड्या शाईत बुडवला आणि कोऱ्या कागदाच्या मधोमध टेकवला. दाबून धरला. उचलला, तेव्हा तिथं एक तांबडं वर्तुळ होतं आणि त्याच्यामधून गेलेली कातरीची आडवी, पांढरी रेघ. लहान असताना कुंदा हाच अंगठा मुठीत धरून झोपायची. झोप लागेपर्यंत त्या रेघेवरून तिचं बोट फिरत असे.

पत्ता मात्र पार्बतानं स्वतः लिहिला, निर्दोष.

त्या अंगठ्याला सुरतेला पोचायला पाच दिवस लागले आणि कुंदाला निघून यायला दोन. पार्बता सहाव्या दिवशी गेली.

कुंदा छपरीत आली तेव्हा ऊन कलत होतं. आईसारखीच सावळी, आईसारखीच वाळकी. पोलक्यातून तिनं ते अंतर्देशीय काढलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं, आणि तांबडी शाई घामानं थोडी फुटली होती. ती रडत नव्हती, तिचं रडून झालं होतं.

‘हे पायलं आन् उठून आली, बाई. कपडेबी नाई बांधले.’ तिनं अंगठ्याच्या खुणेवरून बोट फिरवलं. ‘मामा सांगत होता, ते पहिलं पत्र तिनं आधी कच्चं लिवलं होतं. स्वतःच्या मनानं. त्यात काय होतं?’

बाईंनी तोंड उघडलं. त्यांनी डोळे मिटून तो कागद समोर आणला. वर चढलेल्या ओळी दिसल्या, खाली उतरलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यावर आपलीच तांबडी शाई दिसली, इकडून तिकडे, भरगच्च. शब्द दिसेनात. पाटीबद्दल काहीतरी होतं. आणखी काहीतरी होतं, पहिल्याच ओळीत, तोंड की पोट, असं काही. त्यांनी तो कागद तपासला होता, वाचला नव्हता.

‘सांगा ना बाई. कायीबी असन तं सांगा.’

‘अठरा,’ बाई म्हणाल्या. ‘अठरा चुका होत्या, बाळ.’

कुंदानं खुणेवरचं बोट उचललं. मग तिनं कागदाची घडी केली, होती तशी, पोलक्यात ठेवली, आणि पायरी उतरून नदीच्या वाटेनं गेली.

दुसऱ्या दिवसापासून दमयंतीबाई गार पाण्यानं न्हाऊ लागल्या. न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब काळवंडत उभा राहिला, त्याच्या पोटातली राख कुणी काढली नाही. आणि बाहेर पिंपळ झडत राहिला. एकेक पान देठ सोडी, हवेत क्षणभर थबके, आणि खाली येई.