बिनधुराची वरात

उमैमा बोलून बसली आणि फसली. कॉलेजात सरांनी तापणाऱ्या पृथ्वीवर व्याख्यान दिलं, ते हिच्या डोक्यात असं भिनलं की घरात कुणी पंखा चालू ठेवून उठलं तरी ही कडाडायची. इथवर ठीक होतं हो! पण साखरपुड्यात, भर माणसांत, होणाऱ्या सासऱ्यांनाच म्हणाली, "अलीचाचा, वरात गाड्या उडवत आली तर मी निकाह कबूल करायची नाही!"

आता अलीचाचांचा धंदा काय, तर वरातींना सुमो भाड्यानं देण्याचा! त्यांचं घर उमैमाच्या घरापासून दोनच गल्ल्या खाली. पण एवढ्या जवळून आली तर ती वरात कसली? म्हणून मोहल्ल्याची रीत अशी, की गाड्यांची रांग आधी लांब भाट्याच्या पुलापर्यंत जाणार, गावभर हॉर्न वाजवणार आणि मग नवरीच्या दारात येणार.

"डिझेलच्या धुरातला वायू वर साचतो, चाचा. तापलेल्या जमिनीची ऊब निघून जायची, ती तो अडवतो. गोधडीवर गोधडी घातल्यासारखं."

"माझ्या एका वरातीनं दुनिया तापणार काय गो?"

"प्रत्येक जण हेच म्हणतो ना!"

चाचा भडकले. एकुलता एक लेक रेहान पायी आला तर लोक म्हणतील, अलीचा धंदा बसला. इकडे उमैमाची झोप उडाली. शब्द मागे घ्यावा तर नाक कापलं जाणार, धरून ठेवावा तर रेहान हातचा जाणार. आणि रेहानवर तर तिचा जीव होता, अगदी वेड्यासारखा.

निकाहच्या दुपारी ती गच्चीत उभी होती. चढणीखाली फुलांनी मढवलेली सुमो दिसली. आले गाडीनंच! पण हॉर्न नाही, घरघर नाही. नीट बघते तर काय, इंजिन बंद आणि सगळे वऱ्हाडी मागून ढकलतायत! आत स्टिअरिंगवर चाचा ऐटीत बसलेले, मागच्या सीटांवर घरातले सगळे म्हातारे कोंबलेले.

"चाचा, हँडब्रेक!" कुणीतरी बोंबललं.

जन्म गाड्यांत गेला, पण खुशीच्या भरात चाचा हँडब्रेकच काढायला विसरले होते! अर्धी चढण तशीच ढकलली होती बिचाऱ्यांनी. ब्रेक सुटला तशी गाडी आधी मागेच आली. एकच ओरडा झाला, कुणाची चप्पल सुटली, कुणाची टोपी उडाली.

पण नवरदेव कुठाय? आत नाही, पुढे नाही. उमैमा कठड्यावरून वाकली. सगळ्यांत मागे, सेहरा मानेवर लोंबकळत, शेरवानीची बाही उसवलेली, रेहान खांदा लावून आपल्याच बापाला ढकलत होता!

"सून!" चाचांनी खिडकीतून मुंडकं काढलं. "गाडीनं आलो की नाही? आता धूर दाखव बघू!"

उमैमा हसता हसता रडायला लागली आणि धावत खाली सुटली. थोड्या वेळानं, नवरीची कबुली विचारायला वकील नेमलेले तिचे मामू साक्षीदारांना घेऊन तिच्या खोलीत आले आणि त्यांनी घसा खाकरला.

"कबूल!" उमैमा म्हणाली. "कबूल, कबूल!"

"अगो, आधी मला विचारू तर दे!"