चाळिसाव्या दिवसाच्या शिंपल्या

माझा नवरा झखार गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, गावजेवणाच्या सकाळी, सासूबाई बादली घेऊन ओहोटीवर गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. अडवायला हवं होतं, पण उठावंसं वाटलं नाही. तो गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. लोक येऊन रडतात, मी त्यांना चहा ओतते.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात मांस-दूध बंद, म्हणून आमच्या कोडियाक बेटावर या दिवसांत शिंपल्या शिजतात. गावाच्या शिंपल्या पारखायच्या त्या मत्रोनाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने. कच्ची शिंपली ओठाला लावायची, थोडं थांबायचं. मुंग्या आल्या तर सगळी बादली परत समुद्रात. लॅबवाले कितीदा सांगून गेले, ओठावर भरवसा ठेवू नका, नमुने विमानाने पाठवा. पण उत्तर येईपर्यंत उपास संपतो. शिवाय बाईंचा ओठ कधी चुकला नव्हता.

शिंपलीला काय दोष द्यायचा? ती एका नळीने पाणी ओढते, दुसरीने सोडते आणि मधल्यामधे डोळ्यांना न दिसणारं हिरवं बारीक काहीबाही गाळून खाते. त्यात कधीकधी एक विषारी जात माजते. शिंपलीला काही होत नाही. शिजवूनही न जाणारं ते विष अंगात साठवून ती पुन्हा पाणी ओढत बसते.

उपासाच्या पहिल्या आठवड्यात दाताचा डॉक्टर विमानाने आला. वर्षातून एकदाच येतो. त्याने सासूबाईंची दाढ काढली. घरी आल्यावर त्यांच्या तोंडातून चहा गळत होता आणि झखार खिदळत होता, "आई, लाळेरं बांधू का तुला?" त्याच दुपारी ओहोटी होती. त्या शिंपल्या घेऊन आल्या, सवयीने एक ओठाला लावली आणि मान डोलावली. इंजेक्शनने ओठ अजून बधिर आहे, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. एवढं हसलो, तरी नाही. झखार नेहमीसारखा आमच्या आधी, स्टोव्हपाशी उभ्यानेच अर्धं पातेलं खाऊन मोकळा झाला. आधी त्याचे ओठ गेले, मग बोटं, मग श्वास. धुक्यामुळे विमान उतरू शकलं नाही.

आज सासूबाई त्याच किनाऱ्यावरून परतल्या. बादली ओट्यावर ठेवली. पाण्यात शिंपल्या नळ्या बाहेर काढून निवांत बसल्या होत्या. बाईंनी एकच ताटली काढली.

"कुणाला ही?" मी विचारलं.

"मला. तुम्ही सगळे भात खा."

"ओठाला लावून पाहिली?"

"फेक्ला, पोरी, त्या ओठाचं नाव काढू नकोस."

त्यांना पोराच्या मागे जायचं होतं. मला कळलं, आणि तरी आत काही हललं नाही. मी सुरी घेतली, एक शिंपली उघडली आणि स्वतःच्या ओठाला लावली.

"अगं, काय करतेस? टाक ती!"

"थांबा, पारखते."

गार लागलं, खारट लागलं. बाकी काही नाही.

"मुंग्या येतात का? बोल की गं!"

"काय सांगू, आई? मला कशानेच काही वाटत नाही. माझ्या ओठाला काय कळणार? तुम्ही खाणार असाल तर मीही खाते." मी तोंड उघडलं.

त्यांनी माझ्या तोंडावर अशी चापट मारली की शिंपली पार दारापाशी जाऊन पडली. मग फडकं घेऊन त्या माझा ओठ पुसत सुटल्या, खसाखसा, पातेलं घासतात तसा.

"आई, दुखतंय."

"दुखू दे!" म्हणाल्या, आणि झखार गेल्यापासून पहिल्यांदा भोकाड पसरून रडल्या.

बादली आम्ही दोघींनी मिळून पाण्यात रिकामी केली. मग गाव जेवायला आलं. भात वाढता वाढता सासूबाई माझ्याजवळ यायच्या आणि हळूच विचारायच्या, "कसा आहे गं ओठ?"

"दुखतोय," मी सांगायचे. खरंच दुखत होता.