निळ्या कप्प्याचे चार पेच

सुमेधने घरचा कॉम्प्युटर स्वतः जुळवला तेव्हा मला शेजारी बसवून घेतलं होतं. हार्डडिस्क त्याने निळ्या प्लास्टिकच्या कप्प्यात बसवली, कप्पा पेटीत सरकवला, आणि खट्‌ आवाज झाला.

"झालं. पेचकस नको, काही नको. आता तू काढून दाखव, आई."

मी कप्प्याच्या दोन्ही कडा चिमटीत दाबल्या. तो सुळकन बाहेर आला. पासष्टाव्या वर्षी मला फार मौज वाटली होती.

"खेळणं आहे," सुमेधचे बाबा दारातून म्हणाले. "पेचाशिवाय कुठे काही टिकतं का?" चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्त केले होते.

"बाबा, तुम्ही तर वरणालाही पेच मारला असता."

त्याच डिस्कवर त्याने माझा स्वयंपाक माझ्याच आवाजात, बोलता बोलता रेकॉर्ड करून ठेवला. त्यात मेतकूट सांगताना मी म्हणते, मेथी अंदाजाने घ्यायची. लगेच त्याचा आवाज येतो, "अंदाजाने म्हणजे किती, आई? नीट सांग ना."

दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात सुमेध गेला. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की मी आणि हे मेतकुटाचं रेकॉर्डिंग लावायचो. मेतकूट मला पाठ आहे. आम्ही त्या प्रश्नासाठी बसायचो.

या माघात पेटीतून घरघर यायला लागली. ह्यांनी वर हात ठेवून पाहिलं. "कप्पा हलतोय. एक दिवस निसटेल."

"निशांतला बोलावू," मी म्हटलं आणि देवळात गेले. परत आले तर हे हात धूत होते, चेहरा खुशीत. घरघर थांबली होती. चौथ्या दिवशी मेतकूट लागेना.

निशांत सुमेधचा शाळेतला मित्र, इथलाच, हिंदी बोलणारा. त्याचं दुकान बडा बाजारात, वरच्या मजल्यावर. ह्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून ते खाली बांगडीवाल्याच्या पायरीवर बसले; पेटी दुकानातल्या पोराने वर नेली. निशांतने कप्पा ओढला, तो निघेना. चार जाड पेच काढावे लागले.

"अम्माजी, ये किसने कसे?"

मी स्टूल ओढून बसले.

"इसमें पेच लगता ही नहीं. इतने लंबे पेच अंदर तक दबाते रहे, घिसते-घिसते चकती ही गई." त्याने आवाज उतरवला. "सुमेध ने कहीं और उतारकर रखा था?"

सुमेध म्हणायचा, दुसरी प्रत करू सावकाश. मी नकारार्थी मान हलवली.

"तो मैं झूठी आस नहीं दूँगा. दिल्ली में भी नहीं निकलेगा."

पेच त्याने माझ्या हातावर ठेवले. बोटांना तेल लागलं. गंज चढू नये म्हणून ह्यांनी त्यांना आधी तेल लावलं होतं. मी ते पदराच्या गाठीत बांधले.

खाली हे भिंतीला धरून उभेच होते. "मेतकूट निघालं?"

"नाही. डिस्क जुनी झाली होती, आतून गेली म्हणे."

मिनर्व्हाच्या चौकात ई-रिक्षा अडकली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे पेच तर ढिले पडले नव्हते ना?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी घट्ट होते."

त्यांनी मान डोलावली, आणि माझा हात धरला. मी गाठ दुसऱ्या बाजूला सरकवली.